बापाची चाल, दिवसातून एकदाच

...तर त्या माइकवाल्याने कानांवर काळ्या वाट्या चढवल्या, हात वर केला आणि म्हणाला, "हं काका, जे वाजवणार तेच जरा वाजवा बघू." इथवर आलो होतो आपण. आता त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याला फक्त आवाज तपासायचा होता. पावा बारीक येतो की काय, ढोल फुटतो की काय, एवढंच. चार फुंकरी, चार थापा, की झालं काम. सकाळपासून संगीत महोत्सवाला आलेली एकेक मंडळी स्टेजवर चढत होती, थोडंसं वाजवून उतरत होती. पण या खेपेला त्याच्यासमोर सावकाश उभा होता!

सावकाश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण पाळण्यातलं आता कुणाला आठवतंय? बायकोही त्याला सावकाशच म्हणते, आणि तेही अगदी तोंडावर. त्याचा धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने खुर्ची डोक्यावर धरून उभं राहायचं. एका कोपऱ्यात वेत भिजत घातलेलं पिंप, दुसऱ्यात बूड फाटलेल्या खुर्च्यांची चळत, आणि वर जिन्यावरून जाणाऱ्या येणाऱ्यांच्या चपलांचा आवाज. गिऱ्हाईक विचारतं, "कधी मिळेल?" हा खुर्ची उलटी करून पाय बघतो, सुलटी करून पाठ बघतो, मग गिऱ्हाइकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, "बसणार कोण?" एकदा एका जाडजूड बाईंना त्याने हे विचारलं. त्या खुर्ची तिथेच टाकून गेल्या, आणि आपलं काय चुकलं ते याला अजून कळलेलं नाही.

पण एकदा विणायला बसला की मग उठणे नाही. ओला वेत अर्ध्यावर सोडला तर वाळून कडक होतो, मग कशाला वळतोय! बायको जेवायला हाका मारून मारून दमते आणि शेवटी ताट घेऊन तिथेच येते. पाव्याचंही तसंच. सुरू केलेली चाल शेवटाला नेल्याशिवाय पावा ओठांपासून सुटत नाही. मधे घर पेटलं तरी चालेल.

ढोलावर त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाचा ढोलही तोच वाजवतो. झांजेवर गल्लीतला शिंपी, हाताला पक्का पण नजरेला कच्चा. संध्याकाळी दुकानं आवरली की हे तिघे जिन्याखाली बसून वाजवत. बापाकडून आलेल्या दहाबारा चाली. त्यातल्या एकीला हे लोक नुसतं "बापाची चाल" म्हणत. म्हातारा वेत विणता विणता ती तोंडाने गुणगुणायचा. पोराच्या हाती पावा देताना त्याने एक अट घातली होती: "ही दिवसातून एकदाच वाजवायची. दुसऱ्यांदा नाही." लहानपणी घातलेली ती अट सावकाशने डोक्याचे केस पांढरे झाले तरी मोडली नव्हती. एकदा तर घरमालकाने आग्रह केला, तेव्हाही म्हणाला, "आजची झाली. उद्या या." घरमालक! पण आला बरं का दुसऱ्या दिवशी.

महोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा सावकाशला ना स्टेजचं कौतुक वाटलं, ना दिव्यांचं. त्या शहरात त्याची थोरली बहीण राहत होती. दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिला सगळे अक्का म्हणत. बाप गेल्यापासून अक्काने ती चाल ऐकली नव्हती. माहेरी आली आणि कुणी ती धरली की ही पदर तोंडाला लावून आत निघून जायची, ती संपल्यावरच बाहेर यायची. या खेपेला मात्र तिनेच निरोप धाडला: "संध्याकाळी मी येते. बाबांची चाल वाजव. आता ऐकेन म्हणते." हा निरोप आल्यापासून सावकाशची झोप उडाली होती.

आता तो सभागृहाचा कारखाना बघा. आत खिडकी म्हणून नाही. बाहेर ऊन आहे की अंधार, कळायला मार्ग नाही. एका पोरीने, गळ्यात पट्टा, हातात फोन, या तिघांना चहा अर्धा टाकायला लावून ओढत आणलं. "चला काका, तुमचा नंबर!" दिवेवाला नेमका तेव्हाच दिवे लावून बघत होता. सगळा झोत सावकाशच्या तोंडावर. खाली नुसता काळोख. संध्याकाळ झालीच म्हणायची, अक्का खाली बसलीच असणार, असं तो धरून चालला. मेव्हणा तर डोळे मिटूनच ढोल वाजवतो, आणि शिंप्याला उजेडातही दिसत नाही, मग काळोखात काय दिसणार!

सावकाशने चाल धरली.

थोड्या वेळाने माइकवाला हात हलवू लागला, "बास, बास!" सावकाशला वाटलं, दाद देतोय. त्याने आणखी रंगवली. माइकवाल्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन ओवाळले. इतकी दाद कुणी आजवर दिली नव्हती! याचा ऊर भरून आला. जिथे एरवी सूर दोनदा घोळवायचा तिथे त्याने तीनदा घोळवला, आणि शेवटची फुंकर अशी लांबवली की शिंप्याच्या हातातली झांज थरथरली.

तेवढ्यात झोत विझला. समोर रिकाम्या खुर्च्या. दोन बायका त्या पुसत होत्या, एक माणूस शिडीवर, आणि दाराशी पहारेकरी जांभई देत उभा.

"मंडळी कुठे गेली?" सावकाश म्हणाला.

"कुठली मंडळी? काका, मस्त आवाज आहे. आता संध्याकाळी या."

"संध्याकाळी कशाला?"

"कार्यक्रमाला!"

"मग हा काय होता?"

माइकवाल्याने वाट्या कानांवरून काढल्या. त्याला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

मागच्या खोलीत तिघांची जी जुंपली, ती ऐकायला हवी होती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पुन्हा वाजवा, संपलं. बाबा काय वरून मोजत बसलेत?"

"बसले असले तर?"

शिंप्याने तोडगा काढला. "हे बघ, ऐकणारंच कुणी नव्हतं. मग वाजली कशी म्हणायची?"

"शिडीवरच्या माणसाने मान हलवली की."

"तो बल्ब फिरवत होता!"

"बल्ब फिरवताना मान कशाला हलते?"

शिंपी झांज पुसायला लागला. मेव्हणा चिडला. "मग अक्काला दुसरी एखादी ऐकवा. तिला काय कळणार?"

सावकाशने त्याच्याकडे असं बघितलं की मेव्हण्याने मुकाट्याने ढोलाच्या दोऱ्या आवळायला घेतल्या. बापाला दिलेला शब्द मोडायचा की अक्काला रित्या हाताने परत पाठवायचं? सावकाश एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, मग उठला, खुर्ची उलटी करून तिचे पाय बघितले, सुलटी केली, पुन्हा बसला. संध्याकाळपर्यंत हाच उद्योग.

संध्याकाळी सभागृह भरलं. पुढच्याच रांगेत अक्का. इतरांच्या चादरी इस्त्री करणारी अक्का आज स्वतः कडक इस्त्रीच्या साडीत, पदर आधीच मुठीत धरलेला. सावकाश माइकपुढे गेला. पावा ओठांना लावला, काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. लोक चुळबुळ करू लागले.

"मंडळी," तो म्हणाला, "एक घोटाळा झालाय. चाल दुपारीच वाजवून झाली."

लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे.

"हसू नका हो. ही दिवसातून एकदाच वाजवायची असते. अक्का, तू दुपारी का नाही आलीस?"

अक्का उठून उभी राहिली. तिला माइकची गरज नव्हती. धुलाईखान्यातल्या यंत्रांवर ओरडून तिचा आवाज चांगला तयार झाला होता. "एकदाच? हे कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी!"

"अरे बाबांनी सांगितलं ते तू पोर होतास म्हणून! दिवस उगवल्यापासून पें पें पें, सगळी आळी उठून दारात भांडायला यायची. शेवटी आईच म्हणाली, याला काहीतरी अट घाला, नाहीतर मी पावा चुलीत घालते. मी तिथेच होते की, वेत भिजवत! बाबा स्वतः दिवसभर गुणगुणायचे ते विसरलास?"

सभागृहात जी खसखस पिकली! मेव्हणा तर ढोलावर आडवा पडला. पण सावकाश हसला नाही. बाबा दिवसभर गुणगुणायचे हे त्याला ठाऊक होतं, पण गुणगुणणं वेगळं आणि वाजवणं वेगळं, असं त्याने आयुष्यभर धरलं होतं. आता ती अट खरी म्हणायची की खोटी? आणि इतकी वर्षं पाळली ते काय होतं मग? त्याने एकदा अक्काकडे बघितलं, एकदा पाव्याकडे, एकदा वर दिव्यांकडे. दिव्यांनी काही सांगितलं नाही.

"वाजव रे," अक्का आता हळू म्हणाली. "मी नाही उठून जात."

त्याने वाजवली. दुपारइतकी रंगली नाही, खरं सांगायचं तर. दोनदा श्वास चुकला. पण अक्का उठली नाही. मुठीतला पदर तसाच मुठीत राहिला, तोंडाशी गेला नाही, आणि ओठ मात्र हलत होते. म्हातारा गुणगुणायचा ना, तसे.

नंतर बाहेर पायऱ्यांवर मेव्हणा म्हणाला, "काय दाजी, आता सुटलात! उद्यापासून दिवसाला दहादा वाजवा." सावकाश बोटांवर काहीतरी जुळवत होता. अक्काने त्याचा हात धरला. "उद्या सकाळी निघायच्या आधी घरी एकदा वाजवशील ना? नुसती माझ्यापुरती."

सावकाशने दुसऱ्या हाताच्या बोटांवर हिशेब पुरा केला आणि म्हणाला, "अक्का, उद्याची तर आत्ताच वाजवून झाली गं. आता परवापर्यंत तुझ्याकडेच राहावं लागणार. जादा अंथरूण आहे का?"