कधी न चाखलेलं

आंबोळीचं पीठ आंबून वर आलं, की त्या वासासरशी मला सोलापुरातल्या त्या हॉटेलातली दुपार आठवते. आमच्या एका मैत्रिणीचा शेंगाचटणीचा धंदा, आणि तापानं तिच्या जिभेची चवच नेलेली. मीठ-तिखट बिचारी अंदाजानं घालायची. तिची जाऊ तर "आता उखळ माझ्याकडं द्या, धंदा मी बघते" म्हणून मागंच लागलेली. तेव्हा दुसरी मैत्रीण म्हणाली, "घरचं खाऊन तू सवयीनं चव सांगतीस गं. कधी न चाखलेलं चाख, म्हंजे खरं कळंल." म्हणून आम्ही तिघी साठीच्या बायका, त्या हॉटेलात जागेवरच बनवतात ती बिअर चाखायला गेलो की हो! छोटे छोटे ग्लास आले. पहिल्याचा घोट घेऊन चटणीवाली म्हणाली, "थंड हाय." दुसऱ्यालाही, "हे बी थंडच." आमच्या ताटातली भाकरी तशीच पडून. "सगळं पिऊन घरी कीर्तन सांगशील बघ," दुसरीनं चेष्टा केली आणि तिसरा ग्लास तिच्यापुढं सरकवला. तिसरी बिअर काळीकुट्ट. घोट घेतला आणि हिचं तोंड वाकडं झालं. "शी! करपल्या शेंगदाण्यावानी लागतंय. भाजताना हलवलं न्हाय वाटतं कुणी!" वेटर बिचारा ग्लास बदलून देतो म्हणाला, आणि आम्ही दोघी डोळ्यांना पदर लावून त्याला नको नको म्हणत राहिलो. आता कुणी मला बिअरची चव विचारली, तर खरंच सांगता येत नाही. माझा ग्लास हातातच राहिला होता, मी तिच्या तोंडाकडं बघत होते.