ताईसाठी घ्यायची गाडी

गाडी ताईसाठी घ्यायची ठरली होती, हे आमच्या घरात माझ्याशिवाय आता कुणाच्या लक्षात नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. बोलून काही उपयोग होत नाही, आणि बोलणं मला जमतही नाही.

ताई माझी मोठी बहीण. इंदूरला एकटी राहते. उन्हाळ्यात बाथरूममध्ये घसरून पडली, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. वॉकर धरून घरातल्या घरात चालते. एकटं राहू नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिला उज्जैनला आमच्याकडे आणायचं ठरलं. आमच्या जुन्या छोट्या गाडीत तिचा सरळ पाय मावेना. तेव्हा हे म्हणाले, "एवीतेवी गाडी बदलायचीच आहे. चांगली लांब घेऊ, बिजलीवाली. ताईंना आपल्या नव्या गाडीतून आणू." ताईला फोनवर तसा शब्दही दिला. ताईने त्याच दिवशी बॅग भरली.

हे रेल्वेतून रिटायर झालेले. मुलगा इथेच फ्रीगंज भागात एका ऑफिसात आहे, लग्न व्हायचं आहे. दोघांना मिळून एक गाडी पसंत करायची होती, आणि इथेच सगळं बिनसलं. यांना निळी आवडली, मुलाला पांढरी. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन्ही लांब, मागे डिकी असलेल्या, दोन्ही विजेवर चालणाऱ्या. मला विचाराल तर रंग सोडून दोन्ही सारख्याच. पण मी तसं एकदा म्हणाले तर दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं, की वरणात मीठ घालायला विसरले असते तरी तसं पाहिलं नसतं.

"निळी एका चार्जमध्ये जास्त चालते," हे म्हणायचे.

"बाबा, कागदावर चालते. रस्त्यावर नाही. पांढरीची बॅटरी लवकर भरते."

"लवकर भरून काय करणार? रात्रभर दारात उभीच राहणार ना ती."

"मग जास्त चालून तरी काय करणार? तुम्ही भाजी आणायलाच जाता ना?"

हा वाद सकाळच्या चहाला. संध्याकाळी पुन्हा तेच, फक्त आवाज चढलेला. एक सेडान, दुसरी सेडान, मोबाईलवर कुणी तरी दोन्हींची तुलना करणारा, त्यावर यांचं मत, त्यावर मुलाचं मत. पोळ्या गार व्हायच्या.

त्यातच हे जुनी गाडी विकून बसले. श्राद्धपक्ष तोंडावर आला होता. पक्षात कुणी गाडी घेत नाही म्हणून आधीच एक गिऱ्हाईक गाठलं आणि देऊन टाकली. नवी पण पक्षाआधीच बुक करायची होती. पण निळी की पांढरी हे ठरेना, आणि ठरेपर्यंत पौर्णिमा उलटून गेली. मग काय, पक्षात नवीन वस्तू घरात आणायची नाही. जुनी गेली, नवी येत नाही, आणि ताई इंदूरला बॅगेशेजारी बसलेली.

मी म्हटलं, "टॅक्सी करून आणू या ना तिला."

"टॅक्सी कशाला? मी ताईंना शब्द दिलाय. आता थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

पक्षात विकत घ्यायची नसली तरी बघायला बंदी नव्हती. दर रविवारी मला शोरूममध्ये नेत. मी बाहेरच्या सोफ्यावर बसायची. टाय लावलेली मुलं थंड पाणी आणून देत आणि हातात गुळगुळीत इंग्रजी कागद ठेवत. माझी शाळा चौथीत सुटली, मी त्यातली चित्रं बघायची. आत हे दोघे पुढच्या दोन सीटवर बसून बटणं दाबत. मागच्या सीटवर कधी कुणी बसून पाहिलं नाही. ताईचा पाय आत राहील का, एवढंच मला विचारायचं होतं. पण त्या चकचकीत फरशीवर इतक्या लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. घरी येऊन यांना विचारलं की म्हणत, "राहील गं, लांब गाडी आहे."

सासऱ्यांच्या तिथीला राम घाटावर गेलो. पिंडदान-तर्पण आटोपलं, गुरुजींना दक्षिणा दिली, आणि पायऱ्या चढून वर येतो तो यांना पार्किंगमध्ये तीच निळी गाडी दिसली. गुजरातची होती. मालक बिचारा बायको-मुलांना दर्शनाला घेऊन आलेला. यांच्या बोटात दर्भाची पवित्री तशीच.

"भाईसाब, एक चार्ज में असल में कितना चल जाती है?"

"चलाने वाले पर है, अंकल."

"फिर भी, एसी बंद रखो तो?"

तो माणूस एकदा पवित्रीकडे पाही, एकदा यांच्याकडे. पिंडाला कावळा शिवला का, हे बघायला मी एकटी मागे वळले.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "काय गं, बॅग उघडू की राहू दे? चष्म्याची डबी आत गेलीय, चांगल्या साड्या आत गेल्यात."

"राहू दे अजून थोडे दिवस."

"तुझा नवरा गाडी घेतोय की मुलासाठी मुलगी बघतोय? एवढे दिवस मुलगी बघायलाही लागत नाहीत." ती हसली. मग म्हणाली, "रात्री उठायचं झालं की भीती वाटते गं."

मी ते यांना सांगितलं. यांनी कॅलेंडर उलटून पाहिलं. मग म्हणाले, "नवरात्र लागू दे. लांबची एक टेस्ट ड्राइव्ह करून टाकतो. मग काही शंका राहणार नाही."

नवरात्रात निळी गाडी दारात आली, सेल्समनसकट. इंदूर लागेपर्यंत जायचं आणि तिथून परत फिरायचं असं ठरलं. मुलगा मला म्हणाला, "आई, तूही चल. मागे वजन हवं. भरलेली गाडी किती चालते ते कळेल."

म्हणजे मी वजन म्हणून गेले.

मुलगा चालवत होता, शेजारी हे, मागे मी आणि तो सेल्समन. परका मुलगा, म्हणून मी दाराला चिकटून बसले. बॅटरी खाली असते म्हणून मागचा तळ उंच, गुडघे वर आलेले. हे म्हणाले, "एसी लावू नकोस. खरी रेंज कळू दे." मी काच खाली केली तर म्हणाले, "काचही बंद ठेव, हवेने फरक पडतो." कुंवारचं, म्हणजे आश्विनातलं ऊन. सेल्समनचा टाय भिजला. त्यात मुलाने पाय उचलला की गाडी आपोआप मागे ओढल्यासारखी हळू व्हायची, पुन्हा पाय दिला की पुढे. त्याने बॅटरी भरते म्हणे. मी पुढच्या सीटची पाठ धरून बसले. अर्ध्या वाटेवरचं सांवेर गेलं तरी पुढे दोघांचं आकड्यांवरून चाललेलंच.

इंदूर लागलं तसं हे म्हणाले, "बस, इथून वळव."

"वळवू नकोस," मी म्हटलं. "ताईकडे घे."

"अगं, ही आपली गाडी नाही."

"मला मळमळतंय. मला उतरायचंय. आणि उतरले की मी ताईकडेच जाणार, चालत गेले तरी."

मग तो सेल्समन म्हणाला, "आंटी जी, बताइए, किधर लेना है." आणि मी त्याला गल्लीपर्यंतचा रस्ता सांगितला. एवढं मोठ्याने मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते.

ताई खालच्याच मजल्यावर राहते. वॉकर धरून दारात आली. "ही का ती?"

"नाही ताई," हे म्हणाले, "ही नुसती बघायला आणलीय."

"मग मीही बघते की." आणि मला म्हणाली, "बॅग दाराआड आहे."

सेल्समनने पुढची सीट पार मागे सरकवली. ताई आधी पाठमोरी बसली, मग मी तिचा पाय उचलून आत ठेवला. राहिला. सरळच्या सरळ राहिला. तिने पाठ टेकली आणि डोळे मिटले. बॅग डिकीत गेली, वॉकरही. सेल्समनने रुमालाने मान पुसली.

आता यांना मागे यावं लागलं, तेही माझ्या आणि सेल्समनच्या मध्ये. उंच माणूस, गुडघे छातीशी, आणि ताईची सीट तोंडापाशी. थोडं अंतर गेलं असेल-नसेल, हे म्हणाले, "एसी लाव रे."

"बाबा, रेंज?"

"खड्ड्यात गेली तुझी रेंज."

ताई पुढून म्हणाली, "मला तर छान वाटतंय बाई."

मला वाटलं, चला, सुटलो. ताई घरी आली, गाडीही ठरली. पण रात्री जेवताना हे म्हणाले, "निळी बाद. मागे माणूस बसूच शकत नाही. पांढरीच घेऊ."

मुलगा म्हणाला, "छे. मावशी किती आरामात आली. आणि चालवायला काय मस्त आहे. निळीच."

दोघांनी बाजू बदलल्या होत्या आणि भांडण जसंच्या तसं होतं. दसऱ्याचा मुहूर्त त्यातच गेला. आता धनत्रयोदशी म्हणतात.

ताई पुढच्या खोलीत पाय स्टुलावर ठेवून ऐकत असते आणि मध्येच तेल ओतते. काल म्हणाली, "मी पांढरीत कुठे बसलेय अजून? एकदा बसून बघायला हवं." मुलाने लगेच शोरूमला फोन लावला.

मी तिची बॅग रिकामी केली. साड्या माझ्या कपाटात लावल्या, चष्म्याची डबी उशाशी ठेवली आणि बॅग माळ्यावर टाकली. हे बघत होते. म्हणाले, "वर कशाला टाकलीस? पांढरी आली की ताईंना घेऊन इंदूरची एक चक्कर मारू."

"ती आता कुठे जात नाही," मी म्हटलं. "तुम्ही दोघं जा."