फोटोआत्याचा स्टँड

फोटोआत्या कुठल्याही घरात शिरली की नमस्कार-चमत्कार नंतर. आधी ती फरशीवर पाय दाबून बघायची. फरशी हलते का, सारवण ओलं आहे का, सतरंजीखालून वायर गेली आहे का. यजमानीण चहाचा आग्रह करायची आणि ही विचारायची, "इथं स्टँड ठेवला अन् पडला तं?"

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन वाशिमहून जवळच्याच शिरपूरला गेली आणि तिथेच कॅमेरा हाती घेतला. डोहाळजेवण, बारसं, हळद अशा बायकांच्या कार्यक्रमांना लोक तिलाच बोलवायचे. पावसानं सोयाबीन झोपलं की नुकसानीचे फोटो काढायलाही तीच चिखल तुडवत बांधावर जायची. सगळं गाव तिला फोटोआत्याच म्हणायचं.

आधी ती अशी धास्तावलेली नव्हती. जऊळका गावच्या एका बारशाला मी तिच्यासोबत गेले होते. तिथं तिच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या स्टँडचा एक पाय अचानक आत घसरला आणि स्टँड कॅमेऱ्यासकट कोसळला, पाळण्याच्या अगदी शेजारी. बाळ झोपलेलंच राहिलं. बाळाची आजी म्हणाली, "काई नाई झालं बाई, पानी पे." पण आत्यानं पेला बाजूला ठेवला आणि पाळणा आणखी लांब सरकवला. परतताना बसमध्ये ती मला एवढंच म्हणाली, "वीतभर, मीना. वीतभरच अंतर होतं."

त्यानंतर तिनं स्टँड माळ्यावर टाकला. हातानंच फोटो काढू लागली. अंधाऱ्या खोल्यांतले फोटो हलायचे, खांदा दुखायचा. मग बारशांना तर ती नाहीच म्हणू लागली. कामं सुटत चालली. तिचा चेहरा बघून मलाच झोप लागेना. शेवटी एका रविवारी मी तिला अकोल्याच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं कार्बन फायबरचा नवा स्टँड, ट्रायपॉड, तिच्या हाती दिला. ती घाबरलीच. "एवढा हलका? हा तं वाऱ्यानं उडंन!"

"ताई, हलका हाय, पन ताठ हाय," तो म्हणाला. "मधात हूक हाय, त्याले तुमची बॅग अडकवा. जागचा हलनार नाई."

तो होता एकात एक सरकणाऱ्या चार नळ्यांच्या बारीक पायांचा. तिनं ट्रायपॉडच्या माथ्यावर दोन्ही तळवे ठेवून भार दिला. खालची नळी किंचित लवली. "नाई," ती म्हणाली. मग तीनच, पण जाड नळ्यांच्या पायांचा आला. आत्यानं बाटलीतल्या पाण्यात बोटं भिजवली आणि ओल्या हातानं पायांचे लॉक पिळून पाहिले. पायांच्या टोकांच्या रबरी बुटांतले खिळे बाहेर काढायला लावले, काळ्या मातीत रुततात की नाही ते विचारलं. मधली दांडी वर ओढल्यावर माथा डोलतो, हे तिनंच ओळखलं, म्हणाली, "ही वर करायचीच नाई." हुकाला बॅग लटकवली. शेवटी दुकानदाराला म्हणाली, "आता ढकला."

"काहून, ताई?"

"ढकला तं! माह्यासमोर पडला तं बरा."

त्यानं तीनदा ढकललं. ट्रायपॉड उभाच राहिला. आत्यानं तो घेतला, पण वाशिम येईपर्यंत मांडीवर आडवा धरून बसली आणि दर दहा मिनिटांनी लॉक चाचपत राहिली.

भीती काही लगेच गेली नाही. पुढच्या बारशात ती सगळा वेळ ट्रायपॉड आणि पाळणा यांच्यामध्ये उभी राहिली आणि रिमोटच्या बटणानं फोटो काढले. पोहरादेवीच्या यात्रेत कुणाचा तरी जोरात धक्का लागला. ट्रायपॉड हलला नाही. आत्या मात्र छातीवर हात ठेवून मटकन खाली बसली. मग उठली, कपाळ पुसलं आणि फोटो घेतला. त्या दिवसानंतर ती कामाला नाही म्हणाली नाही.

त्या दिवाळीत आम्ही सगळे वाशिमला आमच्या गच्चीवर जमलो होतो. मी म्हणाले, "आत्या, आज तू पन ये फोटोत. टायमर लाव." आयुष्यभर फोटो काढणाऱ्या बाईचा स्वतःचा धड एक फोटो नव्हता. "माह्या कायले?" म्हणत तिनं टायमर लावला, "हलू नका रे कोनी!" असं ओरडत पदर सावरत धावली आणि माझ्या आईशेजारी येऊन उभी राहिली.

होळीच्या आधी आत्या गेली. झोपेतच.

भिंतीवर लावायला तिचा तोच एक फोटो होता. सगळे समोर बघताहेत. आत्याची मान मात्र आमच्याकडे वळलेली, कुणी चौकटीबाहेर तर राहिलं नाही ना ते बघत. फ्रेमवाला म्हणाला, "बाकीचे कापून एकट्या बाईंचा करून देतो."

वडिलांनी फोटो त्याच्या हातून परत घेतला. म्हणाले, "नोको कापू. एकटी कोनाले पाहीन ते?"

तो फोटो आमच्या घरी अख्खाच आहे. हार घातलेला नाही.