कडुलिंबातले खिळे

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत शिकवून नुकतीच घरी आले होते. रडू आलं ते लातूरच्या एसटीत बसल्यावर. आता सव्वा महिना झाला, आणि खरं सांगायचं तर दुःखापेक्षा मला शिसारीच जास्त येते.

वडील लवकर गेले, आम्हा बहीणभावाला काकांनीच वाढवलं. पाटबंधारे खात्यात कारकून, त्यामुळे आमची सहल म्हणजे चालत जाता येईल ती बाग. दर रविवारी काकू, आम्ही चार पोरं, डब्यात धपाटे-दही आणि काकांच्या खिशात पक्कड. इतरांची पोरं घसरगुंडीवर, आणि आम्ही कडुलिंबातले खिळे उपटत बसलेलो. लातुरात क्लासेस उदंड, आणि प्रत्येकाला पाटी ठोकायला झाडच लागतं. वर्गातली एखादी मुलगी दिसली की लाजेनं मी काकूमागे लपायचे. एकदा एक क्लासवाला अंगावरच आला. "झाडाला काय दुखायलंय का, काका?" काकांनी त्याची पाटी पुसून त्याच्या हातात दिली. "दुखत न्हाई म्हणता, पर जितं हाय ते. तुमच्या दारावर ठोका की. दार तर मेलेलंच हाय." घरी आल्यावर आम्हाला मात्र दम भरला, "आपल्या घरातल्या कुणी झाडाला खिळा मारायचा न्हाई. बस, येवढंच." आयुष्यभर या माणसानं आमच्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

तेराव्यानंतर मी मुद्दाम त्या बागेत गेले. कडुलिंबावर काकांचाच फ्लेक्स ठोकलेला... भावपूर्ण श्रद्धांजली. काका कोपऱ्यात लहानसे. त्यांच्याहून मोठा पिंट्या, त्यांचा धाकटा, गॉगल लावून. शेजारी त्याचे कुणीतरी साहेब. खाली खोडावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. तिथूनच पिंट्याला फोन लावला.

"ताई, गर्दी तिथंच असती," तो म्हणाला. "घराच्या भिंतीवर कोण बघतंय?"

ज्या पोरानं बापाबरोबर रविवारी खिळे काढले, त्यानंच... मला त्याच्या आवाजाचीसुद्धा किळस आली. समोरच्या पंक्चरवाल्याकडून पक्कड मागून आणली. चार कोपऱ्यांचे चार खिळे निघाले. पाचवा खाली 'शोकाकुल'च्या ओळीत होता, आणि त्या ओळीत मी होते. माती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पिंट्याचा मेसेज आला होता, "ताई, एक फोटो टाक तुझा." कशाला, हे मी विचारलंही नव्हतं. उलट चार फोटो बघून त्यातल्या त्यात बरा दिसणारा पाठवला होता.

खिळा नेमका माझ्या कपाळातून गेला होता. खूप ओढला. शेवटी डोकं तुटून पक्कडीत आलं, बाकीचा आत राहिला. काकांच्या झाडात आता एक खिळा माझा आहे.