जाड नळीतला वारा

उत्तनच्या रोझी आंटी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात लुईस मशीनगन चालवायचे. "त्या जाड नळीत पानी न्हाय, वारा जातो," असं ते सांगायचे, आणि गावात त्यांना सगळे थापाड्या म्हणायचे. मशीनगन पाण्यानेच थंड होते, असं गावच्या मास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

मी भाईंदर पूर्वेला वर्कशॉपमध्ये लेथ चालवते. आंटी म्हणाल्या, "तू लोखंडातली मानूस. बगून सांग." नाशिकजवळच्या एका छोट्या खासगी संग्रहालयात तशी गन असल्याचं नेटवर दिसलं. रविवारी निघालो.

बेव्हर्ली पार्कमधल्या माझ्या घरून सकाळी सहालाच गाडी काढली. घोडबंदर रोड ट्रकांनी भरायच्या आत ठाणे ओलांडा, नाहीतर दुपार तिथेच होते. कसारा घाट चढून इगतपुरीला मिसळ खाल्ली. आंटींनी तर्री दोनदा मागवली.

गन टेबलावर उघडीच ठेवली होती. वर थाळीसारखं गोल मॅगझिन, पुढे बंबासारखी जाड नळी. खाली बोर्ड: 'पाण्याने थंड होणारी'.

"हे चूक आहे," मी गाइडला म्हटलं.

"मॅडम, टेक्निकल आहे ते. तुम्ही फोटो काढा."

माझं डोकं सणकलं. "ही नळी दोन्ही टोकांना उघडी आहे. पाणी थांबणार कुठे?" मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारला. बॅरलभोवती ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या होत्या, मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा. गोळी सुटली की तोंडाशी गॅस जोरात बाहेर पडतो आणि मागून हवा ओढून घेतो. ती या पट्ट्यांमधून जाते. गाइडने वाकून पाहिलं.

आंटी बराच वेळ आत बघत राहिल्या. "माजा बापूस खरा व्हता," त्या हळूच म्हणाल्या. मग गाइडकडे वळल्या. "बोर्ड काढ."

त्याने संग्रहालयाच्या मालकांना फोन लावला. "सर नाही म्हणतायत."

आंटींनी त्याचीच खुर्ची ओढली. "मंग मी हितंच बसते."

दीड तास बसल्या. येईल त्याला आत टॉर्च मारून नळी समजावत होत्या. शेवटी गाइडने स्वतःच बोर्ड उचलून कपाटात टाकला.

वडिलांना थापाड्या म्हणणारं आता गावात कोणी उरलेलं नाही. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर आंटींनी तसं म्हणणाऱ्यांच्या मुलांना, नातवंडांना अंगणात उभं केलं आणि मोबाइलवर काढून आणलेले नळीच्या आतले फोटो एकेकाला दाखवले. सगळ्यांचं बघून होईपर्यंत कोणालाही जेवायला जाऊ दिलं नाही.