मागायला नव्हे, सांगायला

"राहू द्या सर, माझं मी बघते." शेजारच्या वहिनींचं हे वाक्य मंठ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, पण फळीवरचा डबा काढायला कधी कुणाला हाक मारायच्या नाहीत. स्टूल ओढायचं आणि चढायचं. अशी बाई तुमच्याही शेजारी असेल. तिला मदत करायला जावं तर आपणच ओशाळतो.

त्यांचे यजमान मात्र आडदांड, दारातून वाकून येणारे. जुन्या काविळीनं त्यांचं यकृत निकामी केलं. प्रत्यारोपणाशिवाय इलाज नव्हता. वहिनींचा रक्तगट जुळला. "माझं घ्या," म्हणाल्या, आणि त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

तपासण्यांचा निकाल ऐकायला मी बरोबर होतो. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचं यकृत निरोगी आहे, पण लहान आहे. त्यातला भाग यांच्या एवढ्या मोठ्या देहाला पुरणार नाही. भार सोसला नाही तर बंद पडेल."

"मंग जास्त काढा."

"तुमच्यापाशीही पुरेसं उरायला हवं ना."

"माझं मी बघते."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी मान हलवली ती नकाराचीच.

मृत दात्याचं यकृत मिळावं म्हणून नाव नोंदवलेलं होतं. पण किती थांबावं लागेल ते कुणी सांगेना, आणि यजमान आता मधूनच माणसं ओळखेनासे झाले होते. त्यांच्या बांध्याचं, त्यांच्याच रक्तगटाचं एकच माणूस होतं. त्यांची थोरली बहीण. विधवा, वाटूरला एकटीच राहणारी. वहिनींच्या सासूच्या दहाव्याला या नणंद-भावजयीचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद.

मी गाडी काढली. वाटूर येईपर्यंत वहिनी पदराचं टोक बोटाला आवळत होत्या. बोट पांढरं पडलं तरी सोडेनात.

आक्का दारातच होत्या, भावासारख्या दार भरून. "ये" म्हणाल्या नाहीत.

वहिनी अंगणातूनच बोलल्या, "आक्का, मी मागायला आले न्हाई. सांगायला आले. यांचं यकृत गेलंय. माझं लहान पडतंय. तुमचं पुरंल. पण पोट मोठं चिरतात, जीवबी जाऊ शकतो. तुम्ही न्हाई म्हणलात तर मी कुणापाशी एक अक्षर काढणार न्हाई."

आक्कांचा हात कडीवर गेला. मला वाटलं, आता दार लागणार.

"तू देणार होतीस?"

"हो."

"एवढीशी तू?"

इतक्या दिवसांत वहिनी पहिल्यांदा रडल्या. आक्का आत वळल्या आणि कुलूप घेऊनच बाहेर आल्या. "चल जल्दी."

आक्कांचं यकृत मापाला बरोबर उतरलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी बहीण-भाऊ दोघंही आत होती आणि वहिनी बाहेर बाकावर. पाण्याचा घोटही घेतला नाही. आधी आक्का सुखरूप आल्या, मग यजमान. त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओसरू लागला. ठेचा-भाकर मागितली. आम्ही सगळे हसलो.

मग छातीत जंतू शिरले, आणि यजमान गेले.

आक्का तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या. त्यांनी वहिनींना एवढंच विचारलं, "माझं कमी पडलं का गं?"

"न्हाई आक्का," वहिनी कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या. "तुमचं बराबर पुरलं. शेवटपर्यंत चालू होतं. विचारा डॉक्टरांना."

आक्कांची जखम भरेपर्यंत म्हणून वहिनी वाटूरला गेल्या, त्या परतल्याच नाहीत. शेजारी आता भाडेकरू आहेत, चांगले आहेत.

मागे परतूरला जाताना वाटूरच्या फाट्यावर त्या दोघी दिसल्या. बाजाराच्या दोन्ही पिशव्या वहिनींच्या एका हातात होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी आक्कांचं मनगट घट्ट धरलं होतं. ट्रकमागून ट्रक जात होते. मी हॉर्न दिला, पण वहिनींचं लक्ष रस्त्यावर होतं. वाट मोकळी झाली तशा त्या आपल्याहून हातभर उंच बाईला हळूहळू पलीकडे घेऊन गेल्या.