एकमताने प्रायमर

“मॅडम, डावीकडची शेड जरा आजारी वाटते ना?” चेअरमन भिंतीला नाक लावून मला म्हणाले.

“आजारी तुमची उजवी,” सेक्रेटरी राणेबाई म्हणाल्या. “पाणी घातलेलं वरण नुसतं.”

मी पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर. मुलुंडच्या या सोसायटीत पंपरूमच्या भिंतीवर दोन पॅच मारून दिले होते. पॅच म्हणजे निवडीसाठी रंगवलेला तुकडा. दोन्ही फिकट पिवळे, बदामीकडे झुकणारे. वीस वर्षं धंद्यात आहे, पण डबा बघितल्याशिवाय मलाही फरक सांगता आला नसता. कमिटीला मात्र यायचा. तीन मीटिंगा झाल्या. चौथीत कोणीतरी वास्तूवाल्याला विचारू या म्हणालं. माझं डोकंच फिरलं.

तोवर पुढच्या भिंतीला बांबूची परांची नुसतीच उभी. तळमजल्यावरचे सावंतकाका, मिलमधून रिटायर झालेले, रोज येऊन तिच्याकडे बघत बसायचे. मुलीचं लग्न कंपाउंडमध्येच करायचं होतं.

“बाये, चेडवाचा लगीन धा दिवसांर इला. व्हराड काय बांबवांखालसून वाकान येतला?”

मला त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या शेडचा डबा फोडला आणि पुढची भिंत रंगवायला घेतली.

राणेबाई तरातरा खाली आल्या. “हे काय? ठराव कुठे झालाय?”

“प्रायमर आहे हो,” मी म्हटलं.

प्रायमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. तो पांढरा असतो आणि आमचा कधीच मारून झाला होता. बाईंना दोन्ही ठाऊक नव्हतं.

“मग मारा. पण फायनल आम्हीच ठरवणार.”

“तुम्हीच ठरवा.”

आठ दिवसांत दोन हात झाले, परांची उतरली, मांडव उभा राहिला. नवरी बापाच्या दारातून ताठ मानेने गेली. काका ढसाढसा रडले. पंगतीत बसून मीही डोळे पुसले.

मग पाचव्या मीटिंगला मला बोलावणं आलं. डावी शेड निवडली, तर अख्खी भिंत पुन्हा माझ्या पदरमोडीने.

चेअरमन उठले. “मॅडम, खूप विचार केला. तुमच्या दोन्ही शेड रद्द. लग्नातले पाहुणे भिंतीची तारीफ करत होते. तो प्रायमरच राहू द्या.”

“माझीही हरकत नाही,” राणेबाई म्हणाल्या. “यांच्या त्या उजवीपेक्षा शंभर पटीने बरा.”

ठराव एकमताने पास झाला. सोसायटीत असं पहिल्यांदाच घडलं, असं वॉचमन म्हणाला.

तेव्हापासून मी कोणालाही दोन शेड दाखवत नाही. एक लावते आणि प्रायमर आहे म्हणून सांगते.